खाच

मामानं गाळ्यातले दिवे घालवले आणि अंधारात माझ्या हातात आधी एक कव्हर दिलं, मग दुसरं. "बघायचं नाही. नुसता हात फिरव आणि सांग."

शनिवारची संध्याकाळ होती. कांजूरमार्गला पश्चिमेकडे उतरून एलबीएस मार्गाला लागलं की आतल्या बाजूला काही जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटी अजून तग धरून आहेत. त्यांतल्या एकीत मामाचा डाय-मोल्डचा गाळा आहे. शेजारची शटरं पडली होती. कटिंग ऑइलचा वास आणि लोकलचा लांबून येणारा आवाज, एवढंच काय ते होतं. हातातली दोन्ही कव्हरं टॅबलेटच्या पाठीची होती, हे लगेच कळलं. डाव्या हाताची बोटं जिथे आपसूक जातात, तिथे दोन्हींना एक उथळ खाच होती. बोटं तिच्यात बसली. खाच एका टोकाला जराशी उघडत जात होती, माशाच्या शेपटीसारखी. दुसऱ्या कव्हरावरही तशीच.

"दोन्ही एकाच डायचे शॉट आहेत," मी म्हटलं.

मामानं दिवे लावले. एक कव्हर काळं होतं, वापरून वापरून कडा चकाकलेलं. दुसरं पांढरं, ठोकळ्यातून कोरून काढलेलं सॅम्पल. त्याच्यावर कानशीच्या खुणा अजून ताज्या होत्या.

"काळं 2014 चं. पांढरं मी परवा केलं. आणि बाय, पांढरं करताना काळं मी कपाटात कुलपात ठेवलं होतं. एकदाही बघितलं नाही."

"कशाला केलंस पण?"

"नवीन पार्टी आलीय. शाळेतल्या पोरांसाठी टॅबलेट काढतायत. हे काळं टेबलावर टाकलं आणि म्हणाले, असं द्या, पण अगदी असंच नको, वकील म्हणतो थोडं बदला. मी म्हटलं, थोडं कशाला, नवंच करून देतो. बसलो, केलं, आणि हे असं झालं." त्यानं दोन्ही कव्हरं सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी पालथी घातली. "आता सांग. मी चोरी केली का?"

मामानं आयुष्यात मला फार प्रश्न विचारलेले नाहीत. लहानपणी मीच विचारायचे, तो कानस चालवत उत्तरं द्यायचा. पुढे मी इथूनच रिक्षा करून पवईला आयआयटीत जाऊ लागले. तिथे 1969 मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं, मी तिथे शिकले आणि आता वस्तूंचे आकार ठरवण्याचे पैसे घेते. म्हणून त्याला वाटलं असावं, हिला माहीत असेल. त्या संध्याकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

काळ्या कव्हराची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत ठाऊक होती. विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी 'आकाश' टॅबलेट बऱ्याच जणांना आठवत असेल. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत गाजावाजा करून आला, डेटाविंड कंपनीचा. आधी आयआयटी राजस्थानकडे त्याची जबाबदारी होती. पुढे हैदराबादची क्वाड ही जोडणी करणारी कंपनी आणि डेटाविंड यांच्यात फाटलं. एकीचं म्हणणं पैसे थकवले, दुसरीचं म्हणणं आमच्या बौद्धिक संपदेवर हात मारला. 2012 मध्ये प्रकल्प आमच्या पवईला आला, प्रा. दीपक फाटकांकडे, आणि 11 नोव्हेंबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-2 चं अनावरण झालं. त्याच महिन्यात बातम्या आल्या की हे तर चीनमधून आलंय. कंपनी म्हणाली, सुटे भाग तिकडचे, शेवटची जोडणी इकडची. देशी टॅबलेट नेमका कुणाचा, हा वाद त्या वस्तूला जन्मापासून चिकटला तो सुटलाच नाही.

त्या लाटेत बऱ्याच छोट्या पार्ट्या टॅबलेटच्या धंद्यात उतरल्या. मामाकडे आलेली त्यांतलीच एक. त्यांनी शेनझेनहून एक नमुना आणला होता. तिकडे गोंगमो नावाचा प्रकार चालतो, म्हणजे सार्वजनिक साचा. एखादा कारखाना डाय बनवतो आणि तिच्यातून निघालेली बॉडी मागेल त्याला विकतो. वर नाव ज्याचं त्यानं छापायचं. पार्टीला तसंच कव्हर हवं होतं, फक्त जाड, पोरांच्या हातून पडलं तरी टिकेल असं. मामानं आत आधाराला रिब घेतली. जिथे रिब येते तिथे प्लास्टिक जाड होतं, थंड होताना आत ओढलं जातं आणि बाहेरून खड्डा दिसतो. धंद्यात त्याला सिंक मार्क म्हणतात, आणि पार्टी माल परत पाठवते ती बहुतेक वेळा त्याच्यासाठीच. मामानं तो खड्डा लपवायला तिथेच एक खाच काढली. दोष झाकायला काढलेली खाच बोटांना इतकी आवडली की ते कव्हर त्या खाचेनंच ओळखलं जाऊ लागलं.

"म्हणजे त्या टॅबलेटमध्ये शेनझेनचं नसलेलं असं एकच होतं. तुझी खाच."

"आणि नोंदणी कुणाच्या नावावर?"

"पार्टीच्या. मी रजिस्टरमध्ये पाहिलं. 2014 ला झाली. डिझाइनला 10 वर्षांचं संरक्षण असतं, वर 5 वर्षांची मुदतवाढ मिळते. त्यांनी ती घेतलीय. 2029 पर्यंत खाच त्यांची."

"मी काढली, आणि त्यांची?"

"2000 च्या डिझाइन कायद्यात मालकाची व्याख्या आहे. एखाद्यानं दुसऱ्यासाठी, योग्य मोबदला घेऊन, डिझाइन केलं असेल तर ज्याच्यासाठी केलं तो मालक."

"योग्य मोबदला," मामा म्हणाला आणि हसला. "तीस टक्के अजून यायचेत, बाय. बारा वर्षं झाली. मग खाचेतली तीस टक्के माझी धरायची का?"

मी हसले नाही, कारण प्रश्न वाटतो तितका गमतीचा नव्हता. मोबदला पुरा मिळाला नाही तर मालकी पुरी गेली का? कोर्ट बहुधा म्हणेल की ते येणं आहे, त्याच्या वसुलीचा वेगळा दावा लावा. पण व्यवहारातलं सत्य आणि कायद्यातलं सत्य यांच्यामध्ये इथे एक फट आहे, आणि गाळेवाल्यांची निम्मी जिंदगी त्या फटीत जाते.

"बरं, मालकी ठेव बाजूला," तो म्हणाला. "नक्कल कशाला म्हणतो तुझा कायदा?"

"कपटानं केलेली किंवा उघड दिसणारी. 'किंवा' म्हणतोय कायदा. तू काळं कपाटात कुलपात ठेवलंस, म्हणजे कपट नाही. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर सारखेपणा उघड आहे. तुझ्या मनात काय होतं ते तिथे कुणी विचारणार नाही."

"आणि उघड म्हणजे कुणाला?"

"डोळ्यांना. डिझाइन म्हणजे काय, तर जे डोळ्यांना भावतं आणि ज्याचा निवाडा फक्त डोळ्यांनी करायचा. व्याख्याच तशी आहे."

"डोळ्यांनी?" मामा खरंच चकित झाला. "तू तर आत्ता अंधारात ओळखलंस."

इथे कबूल करते, शिकताना मी ती व्याख्या निदान वीस वेळा वाचली असेल, आणि तिच्यात हाताला जागा नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ज्या वस्तू दिवसभर हातात असतात, त्यांचा न्याय हात न लावता करायचा.

मग मी त्याला ॲपल आणि सॅमसंगची गोष्ट सांगितली. टॅबलेटच्या आकाराचं याहून मोठं भांडण झालेलं नाही, आणि त्यात डोळ्यांची चांगलीच परीक्षा झाली होती. आयपॅड बाजारात आला 2010 मध्ये, पण ॲपलनं 2004 मध्येच युरोपात एक डिझाइन नोंदवून ठेवलं होतं. सपाट काच, गोल कोपरे, वर काहीही नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब आल्यावर ॲपल देशोदेशी कोर्टात गेली. ऑगस्ट 2011 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कोर्टानं टॅबची विक्री थांबवली. त्याच महिन्यात हेगच्या कोर्टानं टॅबच्या डिझाइनबद्दलचा दावा मानला नाही. त्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात न्यायाधीश लुसी कोह यांनी दोन्ही टॅबलेट हातात उंच धरून सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कुठला? वकीलबाई म्हणाल्या, एवढ्या लांबून नाही सांगता येणार. अंतर होतं दहाएक फुटांचं.

"मग हरले असतील तिथेच."

"नाही ना. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच कोर्टातल्या ज्यूरीनं सॅमसंगला फोनबद्दल अब्जाहून जास्त डॉलर भरायला सांगितले, पण गॅलॅक्सी टॅबनं आयपॅडच्या डिझाइनची नक्कल केली, हे मानलं नाही. आणि लंडनमध्ये न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी 9 जुलै 2012 ला निकाल दिला की नक्कल नाही, कारण सॅमसंगचा टॅब ॲपलच्या डिझाइनइतका 'कूल' नाही."

"म्हणजे जिंकले ते काय म्हणून? कमी देखणे म्हणून?"

"हो. आणि वर कोर्टानं ॲपलला सांगितलं की सॅमसंगनं नक्कल केलेली नाही असं स्वतःच्या वेबसाइटवर आणि वर्तमानपत्रांत छापा."

मामाला हे फार आवडलं. पण त्याचं डोकं मापात चालतं. "चार फिटरांना एकच पीस दिला तरी चार मापं येतात, मान्य. पण फरक येतो तो पॉईंट झिरो टूचा. एकानं पन्नास सांगितलं आणि दुसऱ्यानं ऐंशी, तर मी व्हर्निअर फेकून देईन. तुमची कोर्टं डोळ्यांचा व्हर्निअर अजून वापरतातच?"

"वापरतात, कारण दुसरा नाही. पण लंडनच्या न्यायाधीशांनी एक चांगली गोष्ट केली. त्यांनी नुसतं सारखं दिसतं का एवढं पाहिलं नाही. आकार ठरवणाऱ्याचा हात कुठे बांधलेला होता आणि कुठे मोकळा होता, ते पाहिलं. टॅबलेट म्हटला की समोर काच सपाटच येणार. कोपरे थोडे तरी गोल करावेच लागतात."

"चौकोनी कोपरा डायमध्ये पण भरत नाही नीट," मामा पुटपुटला. "आणि पडला की तिथूनच तडकतो."

"तेच. समोरून सगळे टॅबलेट एकमेकांचे भाऊ दिसणार, त्यात चोरी शोधण्यात अर्थ नाही. हात मोकळा असतो तो कडेला आणि पाठीला. सॅमसंगचा टॅब जास्त पातळ होता आणि त्याची पाठ वेगळी होती. मी यावरून एवढंच धरून चाललेय, मामा, की जिथे हात बांधलेला होता तिथलं सारखेपण माफ. जिथे मोकळा होता, तिथे दुसऱ्याची निवड उचललीस तर ती चोरी."

हे वाक्य मी मोठ्या समाधानानं म्हटलं. आमच्या क्षेत्रात हा विचार स्वच्छ मानला जातो, मलाही तो स्वच्छ वाटत होता. मामा उठला, चहाचे ग्लास विसळून आला, आणि मग बोलला.

"म्हणजे बांधलेल्या जागी मी मोकळा, आणि मोकळ्या जागी मी बांधलेला."

"म्हणजे?"

"अगं, हात मोकळा असतो तिथेच माणूस स्वतःसारखा वागतो ना? रिब कुठे घ्यायची, ड्राफ्ट किती द्यायचा, हे कुठलाही डायमेकर माझ्यासारखंच करील. तिथे मी म्हणजे कुणीही. खाच वळवताना मी फक्त मी असतो. आणि तू म्हणतेस, नेमकं तिथेच पुन्हा स्वतःसारखं वागायचं नाही. का, तर एकदा वागलो त्याचे कुणीतरी पैसे दिले. ते पण सत्तर टक्के."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून मी पुन्हा सॅमसंगकडे गेले, तर्कात अडकल्यावर माणूस उदाहरणाकडे पळतो तशी. जर्मनीत बंदी आल्यावर त्यांनी टॅबची नवीन आवृत्ती काढली, 10.1एन नावाची. धातूची कड पुढच्या बाजूला वळवून घेतली, स्पीकर समोर आणले. कोर्टानं ती आवृत्ती विकू दिली. "बदलता येतं, मामा. त्यांनी बदललं."

"त्यांच्याकडे शंभर हात असतील. एकाचा नको तर दुसऱ्याचा. माझ्याकडे हा एक आहे." त्यानं उजवा पंजा दाखवला. तर्जनीचं पेर जुन्या अपघातात चेपलेलं आहे, म्हणून कानस तो जरा तिरकी धरतो. खाचेचं टोक शेपटीसारखं उघडतं ते बहुधा त्याच्यामुळेच, असं माझ्या मनात आलं. पण तो वेगळंच बोलला.

"आणि माझा तरी कुठला? आमचे अण्णा सुतार. घरातल्या पाटांना खालून बोटं घालायला खाच काढायचे, पाट भिंतीला लावलेला असला की उचलायला बरं. टोकाला अशीच उघडी. मी लहानपणापासून त्या खाचेत बोटं घालून पाट उचलले. मग मालक अण्णा ना? आणि अण्णा कुणाकडे शिकले कुणास ठाऊक."

"हे नको," मी म्हटलं. "प्रत्येक नक्कल करणारा हेच म्हणतो की सगळ्यांनीच कुणाकडून तरी घेतलंय. सॅमसंगच्या वकिलांनी तर स्टॅनली कुब्रिकच्या 1968 च्या सिनेमातला प्रसंग दाखवला होता, अंतराळवीर जेवताना सपाट पडदे बघतायत तो. मी त्यांच्या जागी असते तर आपली शाळेतली पाटी दाखवली असती. लाकडी चौकट, गोल केलेले कोपरे, मध्ये काळा सपाट दगड. पण म्हणून आयपॅड बनवणाऱ्याचं श्रेय पाटी बनवणाऱ्याला जात नाही. मधल्या माणसानं काय केलं, हे कुठेतरी मोजावंच लागतं."

"मधला माणूस कोण ते तरी धड सांगता येतं का? कोल्हापुरीचं काय झालं गेल्या वर्षी?"

गेल्या वर्षी, म्हणजे जून 2025 मध्ये, प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, हे मान्य केलं. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली ती जुलैत फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकनाची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे आणि याचिका करणारे ते नव्हते. डिझाइन कायद्याचा तर तिथे उपयोगच नाही, तिथे आकार नवा असावा लागतो. अनेक पिढ्यांनी घडवलेला आकार हा कायद्याच्या नजरेत जुना माल. मी एवढं सांगितलं. मामानं मान हलवली आणि विषय तिथेच सोडला. चपला हा त्याचा धंदा नव्हे.

"मग मीच माझी खाच नोंदवली तर? पांढऱ्याची?"

"मिळेलही नोंदणी एखाद वेळेस. उपयोग नाही. तुझी डाय झाली त्याच वर्षी, 2014 ला, मुंबई हायकोर्टात व्हर्लपूल विरुद्ध व्हिडिओकॉन झालं, वॉशिंग मशीनच्या आकारावरून. व्हिडिओकॉननं सांगितलं, आमचं डिझाइनसुद्धा नोंदवलेलं आहे. कोर्ट म्हणालं, असेल, पण नंतरची नोंदणी म्हणजे आधीच्याविरुद्ध ढाल नाही. आणि मनाई केली. 2017 मध्ये सेलोच्या पाण्याच्या बाटलीवरून पण तिथेच भांडण झालं."

"बाटलीचं ऐकलंय." डायवाले बाटल्यांचं सगळं ऐकून असतात. "आणि पकडलं तर दंड किती?"

"कायद्यात आकडा छोटा आहे. एका वेळेला 25,000, एका डिझाइनमागे जास्तीत जास्त 50,000. पण ते नको असेल तर मालक नुकसानभरपाई आणि मनाईचा दावा लावू शकतो. खरी भीती त्याची. तयार माल अडकतो, डाय पडून राहते."

"पन्नास हजारात इथे धड इलेक्ट्रोड होत नाहीत," मामा म्हणाला. त्याला दंडाची भीती नव्हती, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. त्याला 'चोर' हा शब्द लागला होता, आणि तो मी अजून मागेही घेतला नव्हता आणि ठामपणे लावलाही नव्हता.

बाहेर अंधार झाला होता. एक गोष्ट इथे आठवली ती सांगते, विषयाला सोडून नाही. कांजूरला 'हे कुणाचं' हा प्रश्न नवा नाही. 2020 मध्ये मेट्रोची कारशेड आरेतून पूर्वेकडच्या मिठागरांच्या जमिनीवर आणायचं ठरलं, तेव्हा राज्य म्हणालं जमीन आमची, केंद्र म्हणालं आमची, आणि डिसेंबरात हायकोर्टानं काम थांबवलं. ज्या जमिनीवर माणसं पिढ्यान् पिढ्या मीठ काढत आली, तिच्याबद्दलही मालक कोण हे कागद पाहूनच ठरतं. मीठ कुणी काढलं, हा त्यात प्रश्नच नसतो. मामाच्या खाचेचं वेगळं काही होईल असं मला वाटत नव्हतं.

पण कागद बाजूला ठेवला तरी मामाचा प्रश्न शिल्लक होता, आणि तो मला चुकवायचा नव्हता. मी पांढरं सॅम्पल उलटं केलं आणि आतली बाजू पाहिली. मग विचारलं, "नव्या कव्हरात रिब कुठे घेणार आहेस?"

तो काही बोलला नाही.

"बॅटरीची जागा बदललीय ना? ड्रॉइंगमध्ये रिब इकडे, वरच्या बाजूला आहे. मग सिंक मार्क पण इकडे येईल. खाच तिकडे कशी?"

मामानं सॅम्पल माझ्या हातातून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ आत पाहत राहिला. मग म्हणाला, "बोटं तर तिथेच जातात ना पण?"

"जातात. बोटांसाठी खाच हवी हे मान्य, आणि नुसत्या बोटांसाठी असेल तर ती कुणाच्या बापाची नाही, कुणीही काढावी. पण मग ती नुसती बोटांसारखी कर. शेपटी कशाला? ती बोटांसाठी नाही."

"ती अण्णांची आहे."

"2014 मध्ये तुझ्यासमोर खड्डा होता. तो कसा लपवायचा याचा तू विचार केलास, आणि विचार करताना अण्णा आठवले. परवा समोर खड्डाच नव्हता. तू विचार केला नाहीस, मामा. हात गेला तिकडे जाऊ दिलास. काळं कपाटात होतं, मान्य. पण ते तुझ्या हातातही होतं, आणि तिथे तू कुलूप लावलं नव्हतंस."

हे बोलताना मला बरं वाटत नव्हतं. सहा दशकं ज्यानं लोखंडाला आणि प्लास्टिकला आकार दिले त्याला, कागदावर आकार काढणाऱ्या भाचीनं सांगावं की तू विचार केला नाहीस. पण मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. त्यानं खाच विकली होती, हात विकला नव्हता, आणि हात अजून त्याचा आहे याचा पुरावा एकच असू शकतो, की त्या हातातून नवा खड्डा दिसल्यावर नवी खाच निघते. आकारामागचं कारण संपल्यावर उरलेला आकार पुन्हा काढणं ही नक्कलच, स्वतःची का असेना. तिला चोरी म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. सत्तर टक्के देऊन शंभर टक्के नोंदवणाऱ्यासाठी तो शब्द आधी वापरावा लागेल, आणि त्याला तो कुठलंच कोर्ट लावणार नाही.

"वरच्या बाजूला खाच काढली तर अंगठा बसेल तिथे," मामा शेवटी म्हणाला. "आडवा धरला तर." त्यानं पेन्सिल घेतली आणि पांढऱ्या कव्हरावर एक रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. दुसऱ्या वेळची रेघ सरळ होती, दोन्ही टोकांना मिटलेली. मला ती पहिल्या खाचेइतकी सुंदर वाटली नाही. मी तसं बोलले नाही.

सोमवारी त्यानं पार्टीला नवीन सॅम्पल दाखवलं आणि सांगितलं, जुनी खाच हवी असेल तर जिच्या नावावर आहे तिची चिठ्ठी आणा. पार्टी म्हणाली, दुकानदार ती खाचच मागतात, आणि नवीन सॅम्पल टेबलावर ठेवून निघून गेली.

काम वालीवच्या एका गाळ्याला गेलं. तिथला डायमेकर नऊ वर्षं मामाच्या हाताखाली होता, आणि कानस तिरकी धरायला तो मामाकडे बघूनच शिकलाय.